इंडस क्रीड : एका बँडचे अल्पायुष्य

दीर्घायुषी संस्थांचा इतिहास लिहिणे सोपे असते. त्यांच्यापाशी दप्तर असते, सभांची इतिवृत्ते असतात, सुवर्णमहोत्सवी अंक असतात. जे थोडी वर्षे जगले आणि मागे फारसे कागद न ठेवता गेले, त्यांचा इतिहास मात्र कोणी मनावर घेत नाही. नाटकमंडळ्या, छोटी नियतकालिके, पेठांतून निघालेल्या वादनमंडळ्या यांच्याविषयी आपण हळहळतो. परंतु त्या का निघाल्या आणि का बुडाल्या, याचा हिशेब मांडत नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका अल्पायुषी मंडळीचा हिशेब मांडावयाचा आहे. तिचे नाव आधी ‘रॉक मशीन’ आणि पुढे ‘इंडस क्रीड’. ती मुंबईत १९८४ मध्ये निघाली, १९९७ मध्ये मोडली. या तेरा वर्षांत तिने इंग्रजीत गाणी रचली आणि गाइली. एवढ्यावरूनच कोणी म्हणेल की, मराठी-कोंकणी वाचकाला तिच्याशी काय कर्तव्य? या प्रश्नाचे उत्तर देणे हाच लेखाचा हेतू आहे.

प्रथम ‘पर्यायी रॉक’ या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या छायेबाहेर, छोट्या कंपन्यांच्या आणि महाविद्यालयीन आकाशवाणी केंद्रांच्या आधाराने जे रॉक संगीत वाढले, त्याला हे नाव पडले. हा पर्याय जितका सुरांचा होता तितकाच व्यवहाराचाही होता. कोणासाठी वाजवावयाचे, कोणाच्या पैशाने वाजवावयाचे आणि रचनेवर हक्क कोणाचा, या तीन प्रश्नांना रूढ बाजाराने दिलेली उत्तरे या मंडळींनी नाकारली. या अर्थाने पाहिले तर भारतात स्वतःची इंग्रजी गाणी रचून वाजविणारा कोणताही बँड जन्मतःच पर्यायी ठरतो. कारण येथील रूढ बाजार म्हणजे चित्रपटसंगीत होय, आणि त्या बाजारात अशा गाण्याला दुकान नव्हते.

आता पूर्वपीठिका. मुंबईत पाश्चात्य वाद्ये वाजविणाऱ्यांत गोमंतकीयांचा वाटा फार मोठा आहे. पोर्तुगीज राजवटीत चर्चशी जोडलेल्या शाळांतून त्यांना स्वरलिपीचे शिक्षण मिळे. त्या विद्येच्या बळावर ते मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवीत, चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसत, आणि रविवारी तियात्राच्या रंगमंचापुढे ट्रम्पेट धरीत. पहिला तियात्र झाला तोच मुळी मुंबईत, १८९२ च्या एप्रिलात. क्रिस पेरी यांच्यासारख्या ट्रम्पेटवादकाने लॉर्नाच्या आवाजात जी कोंकणी गीते सजविली, ती याच परंपरेची. सारांश, गिटार आणि ड्रम या शहरात एकाएकी आकाशातून पडलेले नाहीत. त्यांना वाजविणारे हात आणि ऐकणारे कान येथे तीन-चार पिढ्यांपासून होते.

सरकारी दरबारी मात्र या संगीताला मान नव्हता. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांना चित्रपटगीतेदेखील आकाशवाणीवर खपत नसत. मग श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, हे सर्वश्रुत आहे. जेथे हिंदी चित्रपटगीताची ही अवस्था, तेथे रॉकची काय कथा! साठीच्या दशकात महाविद्यालयांतून जे गट निघाले, त्यांना आश्रय दिला तो एका सिगारेट कंपनीने. तिच्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतील निवडक गटांच्या ध्वनिमुद्रिका १९७० आणि १९७१ मध्ये निघाल्या. आज त्या काळचा मुद्रित पुरावा म्हणून जे काही हाती लागते, त्यात या दोन तबकड्या प्रमुख आहेत. आश्रयदात्याला सिगारेट खपवावयाची होती, संगीत जगवावयाचे नव्हते. म्हणून स्पर्धा संपली आणि तिच्यातले बहुतेक गटही विरले.

याच पिढीतले एक नाव मराठी वाचकाने अगत्याने लक्षात ठेवावे : नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंडे या नाट्यकर्मी दांपत्याचे हे चिरंजीव मुंबईच्या रॉक गटांतून गायले. १९७४ मध्ये अलेक पदमसी यांनी ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ हे संगीतनाट्य मुंबईत सादर केले, त्यात ते जूडास झाले. १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून केलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली थिएटर अकादमीने रंगभूमीवर आणला, तेव्हा त्यातला अंकुश त्यांनीच रंगविला. रॉकच्या गळ्याने मराठी रंगभूमीवर केलेला तो प्रवेश रसिकांनी आनंदाने स्वीकारला. भेंडे २०१४ मध्ये निवर्तले. त्यांच्या उदाहरणावरून एक गोष्ट स्पष्ट होते. त्यांचे जे गाणे नाटकाच्या आधाराने आले त्याची नोंद झाली. जे गटाच्या आधाराने आले ते ऐकणाऱ्यांच्या आठवणीपुरते उरले. नाटकाला संस्था होती, संहिता होती, समीक्षक होते. गटाला यांतले काहीच नव्हते.

अशा परिस्थितीत १९८४ साल उगवले. गोव्यात शिवोलीच्या घरी रेमो फर्नांडिस यांनी एकट्याने वाद्ये वाजवून, स्वतःच ध्वनिमुद्रण करून ‘गोवन क्रेझी’ ही कॅसेट काढली आणि स्वतःच दुचाकीवरून दुकानोदुकानी पोचविली. त्याच वर्षी मुंबईत ‘रॉक मशीन’ उभी राहिली. एक मार्ग एकट्याचा, दुसरा मंडळीचा. एकट्याच्या मार्गात भांडणाला जागा नाही आणि वाटेकरीही नाही; मंडळीच्या मार्गात दोन्ही आहेत. रेमोंची कारकीर्द दीर्घ झाली आणि रॉक मशीनची तुटली, याचे एक कारण येथेच सापडावे असे मला वाटते.

आरंभीच्या फेरबदलांनंतर मंडळीचा जो संच स्थिर झाला त्यातली नावे पाहा. उदय बेनेगल गायक. महेश टिनईकर आणि जयेश गांधी गिटारवर. मार्क सेल्विन बास गिटारवर. झुबिन बालापोरिया कळफलकावर. मार्क मेनेझिस ड्रमवर. ही सहा आडनावे एका दमात वाचली तर मुंबईची एखादी जुनी चाळवस्ती किंवा महाविद्यालयाची हजेरी वाचल्यासारखे वाटते. पैकी निदान दोन-तीन आडनावे कोंकणी-मराठी कानाला घरची आहेत. ही मंडळी इंग्रजीत गात होती हे खरे. परंतु ज्या शहराने त्यांना एकत्र आणले ते शहर आपलेच होते.

त्या काळी येथील गट बहुधा विलायती गाण्यांच्या नकला वाजवीत. श्रोत्यांनाही ओळखीची चाल हवी असे. रॉक मशीनने आपल्या रचना वाजविण्याचा आग्रह धरला, हे तिचे पहिले श्रेय. १९८६ मध्ये मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा वार्षिक मेळा सुरू झाला. धोबीतलावाजवळचे रंगभवन हे खुले नाट्यगृह, जेथे १९७८ पासून ‘जॅझ यात्रा’ भरत असे, ते या तरुण मंडळींचे माहेर बनले. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा त्यांचा पहिला संग्रह निघाला, आणि १९९० मध्ये दुसरा, ‘द सेकंड कमिंग’. परकीय वाद्ये आणि ध्वनिवर्धक यंत्रे आणण्यावर १९९१ पूर्वी आयात-परवान्यांची कडक बंधने होती, हे ध्यानात घेतले म्हणजे स्वरचित गाण्यांचे दोन संग्रह काढणे ही केवढी चिकाटीची गोष्ट होती, ते कळते.

१९९१ मध्ये दोन दारे एकदम उघडली. आर्थिक धोरण पालटले, आणि उपग्रहावरून स्टार वाहिन्यांबरोबर एमटीव्ही घरांत आली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल परिसरातील ‘निर्वाणा’ या त्रिकुटाचा ‘नेव्हरमाइंड’ हा संग्रह निघाला आणि पर्यायी रॉक जगाच्या मुख्य बाजारात येऊन बसले. आपल्या मंडळीने १९९३ मध्ये नाव बदलले. ‘रॉक मशीन’ हे कोणत्याही देशातल्या कोणत्याही गटाचे असू शकेल असे नाव. ‘इंडस क्रीड’मध्ये निदान एक नदी होती. त्यांच्या ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याचे चित्रण दूरचित्रवाणीवरून घरोघर पोचले. १९९५ मध्ये ‘ट्रॅप्ड’ हा संग्रह आला. दोन वर्षांनी मंडळी मोडली. पुढे बेनेगल आणि गांधी यांनी ‘आम्स फॉर शांती’ या नावाने वेगळा उपक्रम केला. इतर आपापल्या मार्गांनी गेले.

येथे विचारावयाचा प्रश्न असा की, दारे उघडल्यावर घर का बुडाले? उत्तर बाजाराच्या गतीत आहे. उपग्रहवाहिन्यांनी आरंभी इंग्रजी गाणी दाखविली. परंतु त्यांना जो प्रेक्षक हवा होता तो हिंदीत होता. १९९५ मध्येच अलिशा चिनॉय यांचे ‘मेड इन इंडिया’ आले आणि खपाचे गणित सर्वांना कळले. त्याचा अर्थ असा की, ‘ट्रॅप्ड’ निघाला त्याच वर्षी त्याचा बाजार दुसरीकडे वळला. अमेरिकेत पर्यायी संगीताला महाविद्यालयीन आकाशवाणी केंद्रांनी जोपासले होते. आपल्याकडे खाजगी आकाशवाणी केंद्रे २००१ मध्ये निघाली, तोवर ही मंडळी उरली नव्हती.

यावर एक ठरावीक आक्षेप ऐकू येतो : संगीतच परकीय, ते रुजणार कसे? हा आक्षेप मला मान्य नाही, आणि त्याचे खंडन करण्यास मला दूर जावे लागत नाही. मी ज्या कामरेजमध्ये राहतो ते सुरतेनजीकचे, मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचे गाव. लग्नसराईत येथील चार रस्त्यावरून वराती जातात, तेव्हा पुढे पितळी वाद्यांचा बँड असतो. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, बाजूला झुलणारे मोठे ढोल, अंगावर फौजी थाटाचे झगझगीत कपडे. या बँडइतके परकीय दुसरे काय आहे? तो इंग्रजी पलटणींबरोबर आला. तरी गुजराती वर आणि खानदेशातून सुरतेच्या मागांवर आलेल्या मराठी कामगाराचा मुलगा, दोघेही त्याच्यावाचून घोड्यावर चढत नाहीत. पेटीची गोष्ट तर याहून बोलकी. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला परकीय ठरवून बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. आणि त्या सर्व काळात नाट्यसंगीत, कीर्तन आणि भजन पेटीवरच चालले होते. तेव्हा वाद्याचा जन्म कोठे झाला हा प्रश्न गौण आहे. समाजातल्या कोणत्या प्रसंगाला ते हवे असते, आणि त्या प्रसंगी पैसे कोण देतो, हा प्रश्न मुख्य आहे. पितळी बँडला लग्न आहे, पेटीला भजन आहे, तियात्राच्या ट्रम्पेटला तिकीट काढणारा गोमंतकीय प्रेक्षक आहे. रॉकला वर्षाकाठी महाविद्यालयांचे चार उत्सव आणि एखादा मेळा, एवढाच प्रसंग होता. तेवढ्यावर सहा संसार चालत नाहीत.

दुसरे कारण माझ्या व्यवसायाच्या कक्षेतले आहे, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो. वरातीच्या बँडचा एक मालक असतो. वाद्ये त्याची, पोशाख त्याचे, ढोलावर रंगविलेले नावही त्याचे. वादक आले-गेले तरी बँड राहतो. रॉकच्या मंडळीत मालक नसतो. सगळेच मालक असतात. १९३२ च्या भागीदारी अधिनियमाचे कलम ४ सांगते की, सर्वांनी वा सर्वांच्या वतीने चालविलेल्या धंद्याचा नफा वाटून घेण्याचे ज्यांनी ठरविले, त्यांच्यातला संबंध म्हणजे भागीदारी होय. यासाठी लेखी करारही लागत नाही. चार मित्रांनी वाजवावयास आरंभ केला आणि मिळालेले मानधन वाटून घेतले की, त्यांना ठाऊक असो वा नसो, ते बहुधा भागीदार झाले. मुदत ठरलेली नसेल तर कलम ४३ प्रमाणे कोणत्याही एका भागीदाराने लेखी सूचना द्यावी आणि भागीदारी संपावी. कलम १४ प्रमाणे धंद्याचा नावलौकिकदेखील भागीदारीची मालमत्ता ठरतो. म्हणजे बँडचे नाव हे कोणा एकाचे नव्हे. आणि कलम ६९ असे की, भागीदारीची नोंदणी नसेल तर मानधन बुडविणाऱ्या त्रयस्थावर करारान्वये दावाही लावता येत नाही. ज्या तरुणांना सूर जुळविण्याची घाई असते, त्यांना यातले काही सुचत नाही. पुढे कोणी परदेशी जातो, कोणी नोकरी धरतो, आणि नाव कोणाचे, गाणे कोणाचे, हे प्रश्न मैत्रीच्या भाषेत सोडवावे लागतात. ती भाषा अशा कामाला पुरेशी पडत नाही. मी हे कोणा एका मंडळीविषयी सांगत नाही. या जातीच्या सर्व मंडळ्यांचा तो स्वभावदोष आहे.

गाणाऱ्याचा हक्क तर त्याहून क्षीण होता. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाने कवीला आणि संगीतकाराला स्थान दिले. प्रत्यक्ष गाणाऱ्या-वाजविणाऱ्याला दिले नाही. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा खटला आला. त्यात निकाल चित्रपटनिर्मात्यांच्या बाजूने लागला. परंतु न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपणीत गायकाच्या या उपेक्षेकडे कायदेमंडळाचे लक्ष वेधले. लक्ष जाण्यास सतरा वर्षे लागली. १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराच्या सादरीकरणाला प्रथमच हक्क मिळाला आणि ती दुरुस्ती मे १९९५ पासून अमलात आली. रचनाकारांच्या मानधनाचा वाटा त्यांना कराराने सोडून देता येऊ नये, अशी तरतूद तर २०१२ मध्ये झाली. ‘ट्रॅप्ड’चे साल १९९५, आणि मंडळी मोडल्याचे १९९७, हे ध्यानात आणा. कायदा दारात आला तेव्हा पाहुणा उठून निघाला होता.

तुलनेसाठी निर्वाणाकडे पाहावे. तो गटही अल्पायुषीच. १९८७ ते १९९४, आणि तीनच संग्रह. गायक कर्ट कोबेन याने १९९४ मध्ये आयुष्य संपविले. परंतु १९९७ मध्ये त्याची विधवा आणि उरलेले दोन वादक यांनी गटाच्या हक्कांसाठी रीतसर कंपनी स्थापिली. पुढे त्यांच्यात खटला झाला आणि २००२ मध्ये तो मिटला. खटला ही काही शोभेची गोष्ट नव्हे, हे वकिलाइतके कोण जाणतो? तरी भांडावयाला काही तरी असणे, हेच त्या अल्प कारकिर्दीचे भाग्य. सात वर्षांच्या वादनातून मालमत्ता उरली, ती कोणी तरी सांभाळली, म्हणून ते संगीत आजही व्यवस्थित मुद्रित मिळते. आपल्या बहुतेक गटांच्या मागे भांडण्याइतकेही उरले नाही.

इंडस क्रीडची कथा अगदीच शोकान्त नाही. २०१० मध्ये बेनेगल, टिनईकर आणि बालापोरिया पुन्हा एकत्र आले. रुशाद मिस्त्री आणि जय रो कवी यांनी बास आणि ड्रम सांभाळले, आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व’ हा नवा संग्रह निघाला. तोवर शहर बदलले होते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरविला, आणि काही वर्षांत रंगभवनातले असे कार्यक्रम थांबले. रुग्णाच्या शांततेचा हक्क मोठा आहे, त्याविषयी दुमत नाही. परंतु शहराने एक रंगमंच काढून घेतला, तर दुसरा देणे हेही त्याचे कर्तव्य नव्हे काय? हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. कारण विचारणाऱ्या मंडळ्या नोंदणीकृत नव्हत्या, आणि त्यांचा इतिहास कोणी लिहिलेला नव्हता.

‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनात भडोचच्या आखाताजवळ ‘कम्मोनी’ नावाचे एक खेडे येते. काही विद्वान ते आमचे कामरेज मानतात. नाविकाने मार्गदर्शनासाठी केलेल्या त्या एका नोंदीमुळे, बंदराची गजबज विरल्यावरही गावाचे नाव दोन हजार वर्षे चर्चेत राहिले. त्या नाविकाला इतिहास लिहावयाचा नव्हता. समोर दिसले ते त्याने नीट टिपले, इतकेच. आपल्या शहरांतल्या अल्पायुषी मंडळ्यांसाठी एवढे तरी व्हावे. जुन्या कॅसेटी, कार्यक्रमांची पत्रके, मानधनाच्या पावत्या, हस्तलिखित गाणी हे सर्व माळ्यावरून रद्दीत जाण्यापूर्वी एखाद्या ग्रंथसंग्रहालयाने मागून घ्यावे. आणि आज पणजीत, पुण्यात वा सुरतेत जे तरुण गिटार जुळवून बसले आहेत त्यांनी पहिल्या कार्यक्रमापूर्वी एका साध्या कागदावर चार ओळी लिहाव्यात : गाणे कोणाचे, नाव कोणाचे, पैसा कसा वाटावयाचा, आणि कोणी निघून गेला तर काय. त्या कागदाने त्यांचे संगीत चांगले होणार नाही. मात्र ते चांगले असेल, तर मैत्री संपल्यावरही कोणाला तरी ते ऐकता येईल.